बाहेरचे गेट लावल्याशिवाय

मित्रांनो, माझे नाव ऐकून घाबरू नका. सिग्नल जनरेटर. नाव जड आहे आणि वजन त्याहून जड. मला उचलून कपाटावर ठेवणाऱ्या दोघांनी तेव्हा कोणकोणते शब्द वापरले ते मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तुम्ही लहान आहात. मी एक जुना, राखाडी, चौकोनी गृहस्थ आहे. पुढच्या बाजूला दोन गोल बटणे आहेत. एक फिरवले की माझा आवाज बारीक किंवा जाड होतो, दुसरे फिरवले की हळू किंवा मोठा होतो. गाणे म्हणाल तर मला एकच येते: ‘पुंईऽऽ’. त्यात ना शब्द, ना ताल. पण सूर असा पक्का, की चांगले चांगले गाणारे घसरतील, मी घसरणार नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा भांडवलावर हा आपली जीवनकथा सांगायला बसला? जरा धीर धरा. माझ्या कथेतली गंमत माझ्या तोंडावर नाही, पाठीवर आहे.

वीज सुरू झाली की मी पोटात सारखा गातच असतो. पण ते गाणे बाहेर पडायचे की नाही, हे मी ठरवत नाही. मध्ये एक दार आहे. आमच्या मंडळीत त्या दाराला ‘गेट’ म्हणतात. माझ्या पाठीवर एक छोटे सॉकेट आहे. त्यात बाहेरून तार जोडायची. तारेतून विजेची टिचकी आली की दार उघडते आणि मी ‘पुंई’ करतो. टिचकी थांबली की दार मिटते आणि मी गप्प. असेच एक दार माझ्या पोटातही होते, आपल्याच ठेक्यावर उघडझाप करणारे. पण ते फार पूर्वीच बिघडले. तेव्हापासून माझी सगळी मदार बाहेरच्या गेटवर.

यात मला कधी कमीपणा वाटला नाही. उलट मोठे समाधान वाटते. आपण आत गात राहावे आणि दार उघडणाऱ्याने त्याच्या वेळेला उघडावे. केव्हा बोलावे आणि केव्हा गप्प बसावे याची काळजी ज्याच्या डोक्यावर नाही, त्याच्यासारखा सुखी कोण? माणसांना हे सुख मिळालेले नाही, म्हणून तर त्यांच्या घरातून इतके आवाज येतात.

त्या सॉकेटच्या शेजारी नखाएवढा एक स्विच आहे. एका बाजूला लिहिले आहे ‘सुलट’, दुसऱ्या बाजूला ‘उलट’. सुलट असला की मी आत्ता सांगितले तसा वागतो. उलट केला की माझ्या अंगात वारे शिरते. टिचकी आली की गप्प बसतो आणि टिचकी नसली की बोंबलत सुटतो. काही कामांना तसेही लागते म्हणे. हा नखाएवढा स्विच लक्षात ठेवा. पुढे त्याने जो गोंधळ घातला, तो ऐकायलाच तुम्हाला बसवून घेतले आहे.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका बसत आणि कथील वितळवून डाग द्यायच्या तापल्या सळईने माझ्यासारख्यांच्या पोटात तारा जोडत. डाग देताना धूर निघे आणि त्या धुरातच त्यांच्या सासवांच्या, शेजारणींच्या आणि दुखणाऱ्या गुडघ्यांच्या गोष्टी चालत. माझ्या पाठीचे काम जाड चष्म्याच्या एका ताईंनी केले. काम संपल्यावर त्यांनी टिचकी देऊन पाहिली. मी बोललो. टिचकी थांबवली. मी गप्प झालो. त्या शेजारणीला म्हणाल्या, “बघ गं, गप्प बस म्हटलं की बसतो. आमच्या ह्यांना घेऊन येऊ का इथे, याच टेबलावर?”

सगळे टेबल हसले. ती माझी पहिली शाबासकी.

तिथून मी एका कानांच्या दवाखान्यात आलो. तळमजल्यावर, अंगणाकडे खिडकी असलेली एक खोली. त्या खोलीत दुसरी एक लहानशी खोली, दोन दोन दारांची, भिंतींना आतून जाड गादी लावलेली. बाहेरचा आवाज आत जायचा नाही. ज्याचे कान तपासायचे तो आतल्या खुर्चीवर बसे, कानांना हेडफोन लावी, आणि मधल्या काचेतून त्याला पाहत तपासणारा बाहेर माझ्याजवळ बसे. तपासणाऱ्याच्या हातात एक डबी असे. डबीवर बटण, बटणाशेजारी छोटा लाल दिवा. बटण दाबले की दिवा लागे, डबीची तार माझ्या पाठीत टिचकी देई, आणि मी हेडफोनमध्ये ‘पुंई’ करी. ऐकू आले की हात वर करायचा, आवाज गेला की खाली. इतके सोपे.

माझे ते सोन्याचे दिवस. कारण माझा सांभाळ करायला तारमामा होते. खरे नाव काय होते कोण जाणे. खिशात नेहमी तारेचे तुकडे असत म्हणून तारमामा. रोज सकाळी ते आधी माझ्यावरची धूळ पुसत, मग मला सुरू करून पाच मिनिटे तापू देत, आणि मग एक काम ते कधीच चुकवत नसत. हेडफोन स्वतःच्या कानाला लावत. बटण दाबून म्हणत, “बोल बाबा.” मी बोले. बटण सोडून म्हणत, “गप बाबा.” मी गप्प. मग कपाळाला हात लावून एक छोटासा नमस्कार करत आणि पहिल्या माणसाला आत घेत. तो नमस्कार मला होता की वर कुणाला होता, हे मी कधी विचारले नाही. पोचत होता, एवढे खरे.

पण सोन्याचे दिवसही दिवसच असतात, मावळतात. तारमामा निवृत्त झाले. जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर एक चिठ्ठी चिकटवली. तीत दोन ओळी होत्या:

‘बाहेरचे गेट लावल्याशिवाय हा बोलत नाही.
आधी आपल्या कानाला लावून बघावे.’

पाठोपाठ दवाखान्यात नवे यंत्र आले. पातळ, पांढरे, पडद्याचे. त्याला बटणेच नव्हती. नुसते बोट लावले की काम. मला कपाटावर चढवले, आणि हळूहळू मी यंत्राचा टेबल झालो. माझ्यावर जुनी रजिस्टरे आली, प्लास्टिकची फुले आली, कुणाचा तरी चहाचा कप येऊ लागला. त्या कपाच्या बुडाचे गोल डाग पडून पडून चिठ्ठीची दुसरी ओळ धुतली गेली. उरले ते एवढेच: ‘आधी आप… का… वून बघावे.’ पहिली ओळ मात्र ठणठणीत. देवाची लीला बघा, जी ओळ घोटाळा करणार होती ती वाचली, आणि जी वाचवणार होती ती चहात गेली.

आता मूळ प्रसंगाकडे येतो.

एके दिवशी सकाळी पांढरे यंत्र बिघडले. पडद्यावर एक गोल फिरत राहिला तो फिरतच राहिला. कान तपासायला तेव्हा नव्या तपासनीसबाई होत्या. हुशार, तरतरीत, मनाने चांगल्या. पण त्यांनी शिक्षण त्या पांढऱ्या यंत्रावर घेतलेले, आणि तारमामांची त्यांची कधी भेट झालेली नव्हती.

दारात त्या दिवशी पहिला नंबर एका मुलीचा होता. पाच वर्षांची, दोन शेंड्या, एका जागी उभी न राहणारी. तिला घेऊन तिची आत्या आली होती, आणि आत्याच्या हातात शाळेची चिठ्ठी होती.

“अहो बाई, यंत्र बिघडलं, उद्या या, असलं काही मला सांगू नका,” आत्या म्हणाली. “शाळेत जाऊन महिना झाला. मुख्याध्यापिका म्हणतात, हाक मारली तर ही बघतसुद्धा नाही, हिला ऐकू येत नाही. आज दुपारी शाळा सुटायच्या आत कानांचा कागद हवाय. कागदावर नापास लिहिलंत तर सोमवारपासून दुसऱ्या शाळेत. ती शाळा चांगली असेल हो, पण अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. तिथेच राहायचं, तिथेच झोपायचं. हिची आई घरी हिचे फ्रॉक पिशवीत भरतेय आणि परत काढतेय, सकाळपासून तीनदा.”

“आणि घरी ऐकू येतं का हिला?” बाईंनी विचारले.

“घरी? मी तिसऱ्या खोलीत डब्याचं झाकण उघडलं तर ही माझ्या आधी डब्यापाशी असते! पण ते कागदावर चालत नाही म्हणे.”

मुलगी या वेळात जमिनीवर बसून खुर्चीच्या पायाचा स्क्रू फिरवत होती.

बाईंनी मला खाली उतरवले. म्हणजे दोन माणसांनी उतरवले, आणि पुन्हा ते शब्द. बाईंनी धूळ झटकली, वीज लावली, हेडफोन जोडून कानाला लावले. मी पोटात गाऊ लागलो. किती वर्षांनी! पण पाठीत तार नव्हती, तेव्हा दार बंद. बाईंनी पुढची दोन्ही बटणे फिरवून पाहिली. काही नाही. मग त्यांची नजर माझ्या डोक्यावरच्या चिठ्ठीकडे गेली.

“बाहेरचे गेट लावल्याशिवाय हा बोलत नाही,” त्यांनी मोठ्याने वाचले.

मित्रांनो, आपल्या भाषेत ‘लावणे’ हा शब्द मोठा मनमिळाऊ आहे. दिवा लावतात तेव्हा तो पेटतो, रोप लावतात तेव्हा ते रुजते. तार लावतात तेव्हा ती जोडली जाते, आणि गेट लावतात तेव्हा…

बाईंनी खिडकी उघडून अंगणात हाक मारली, “काका! बाहेरचं गेट लावा जरा!”

दवाखान्याच्या फाटकावर एक पहारेकरी होते. सगळे त्यांना गेटकाका म्हणत. चाळीस माणसे आत यायला उभी होती, पण आज्ञा म्हणजे आज्ञा. त्यांनी मोठे लोखंडी गेट ढकलून बंद केले.

“लावलं!”

मी गप्पच.

“काका, नीट लागलं नाही वाटतं. अजून बोलत नाहीये!”

“कोण बोलत नाहीये?”

“जुनं मशीन! गेट लावल्याशिवाय बोलत नाही, असं लिहिलंय त्याच्यावर!”

गेटकाकांनी एकदा गेटकडे पाहिले, एकदा आकाशाकडे. मग म्हणाले, “पावसापाण्याचं खालची फट राहते. कडी घालतो.”

कडी पडली. मी गप्पच. आत्या म्हणाली, “कुलूप घाला म्हणावं. आमच्या घरचा पंखासुद्धा अर्धवट दाबला की लागत नाही.” बाईंनी तेही ओरडून सांगितले, आणि गेटकाका कुलूप आणायला गेले.

तोवर बाईंना वाटले, निदान याची पाठ तरी पुसून घ्यावी. त्यांनी फडके घेतले आणि माझ्या पाठीवरून जोरात फिरवले. फडक्याचा कोपरा त्या नखाएवढ्या स्विचला अडकला. सुलटचा उलट झाला. इकडे पाठीत तार नाही, म्हणजे टिचकी नाही. आणि उलट असताना टिचकी नसली की मी काय करतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि नेमक्या त्याच क्षणी अंगणात कुलूप लागल्याचा ‘खट्’ आवाज आला.

“पुंईऽऽऽ!”

“लागलं!” बाई आनंदाने ओरडल्या. “काका, लागलं! आता काही झालं तरी गेट उघडू नका!”

गेटकाका छाती पुढे काढून गेटसमोर उभे राहिले. इतकी वर्षे गेटवर उभे राहून आपल्या गेटवर यंत्रे चालतात हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

पुढचे सगळे फार भराभर झाले. बाईंनी खणातून बटणाची डबी काढली. तिची पिन माझ्या पाठीवरच्या एकाच सॉकेटमध्ये बसत होती, म्हणून तिथे बसवली. आपण आत्ता खरे ‘बाहेरचे गेट’ लावले, हे त्यांच्या गावीही नव्हते. बटण दाबून पाहिले, लाल दिवा लागला. हेडफोन तर त्यांनी आधीच आत नेऊन मुलीच्या कानांवर चढवले होते. दिवा लागतो आहे, आवाज मघाशी ऐकला आहे, आता बघायचे काय?

“हे बघ बाळ, आवाज आला की हात वर. गेला की खाली. कळलं?”

मुलीने मान हलवली. दोन दारे बंद झाली. आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट अर्धा तास सुरू झाला.

बाई बटण दाबत नव्हत्या तेव्हा मी ओरडत होतो. बाई बटण दाबत तेव्हा मी गप्प बसत होतो. काचेपलीकडे ती पोर सांगितल्याबरहुकूम वागत होती. मी ओरडलो की हात वर. मी थांबलो की खाली. आवाज बारीक केला, जाड केला, इतका हळू केला की मलाच माझा ऐकू येईना. पोर एकदाही चुकली नाही. आणि बाईंना दिसत होते ते असे: दिवा नाही, हात वर. दिवा लागला, हात खाली. त्यांनी एक फुली मारली. दोन फुल्या. दहा फुल्या.

“नुसती हात वर करून बसतेय,” बाई उदास होऊन म्हणाल्या. “आणि आवाज दिला की नेमका खाली. हिला काही ऐकू येत नाहीये.”

आत्या काचेला नाक लावून उभी होती. मघाचा तिचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. फक्त म्हणाली, “पण डब्याचं झाकण…”

मित्रांनो, मला मोठ्याने ओरडून सांगावेसे वाटत होते, की अहो, ही पोर बरोबर आहे, मी उलटा आहे! पण गंमत बघा, मी ओरडतच होतो. तोच तर घोटाळा होता. मी जितका जिवाच्या आकांताने गाई, तितक्या त्या पोरीच्या कागदावर फुल्या वाढत. माझ्या आज्ञाधारकपणाचा मला इतका अभिमान, आणि त्याच आज्ञाधारकपणाने मी एका लेकराचे फ्रॉक पिशवीत भरत होतो.

तीसच्या तीस फुल्या झाल्या. बाईंनी चष्मा काढून पुसला, आणि कागद भरायला पेन उघडले.

एवढ्यात अंगणात कल्ला वाढला. गेटबाहेर मोठ्या डॉक्टरांची गाडी हॉर्न देत होती.

“गेट उघडा!”

“उघडता येत नाही साहेब. आत मशीन बोलतंय. गेट उघडलं तर ते बंद पडेल.”

“अहो, दवाखाना माझा आहे!”

“तुमचाच आहे साहेब, म्हणून तर सांभाळतोय.”

त्या गर्दीत एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. खिशातून तारेचे तुकडे डोकावत होते. होय मित्रांनो, तारमामा! जन्मभर लोकांचे कान तपासले, आणि आता स्वतःचेच कान दाखवायला आले होते. कानाला हात लावून ते विचारत होते, “काय? मावशी बोलतेय? बोलू दे की, गेट कशाला बंद?”

“मावशी नाही हो, मशीन!” गेटकाका त्यांच्या कानाशी ओरडले. “जुनं राखाडी मशीन! त्याच्यावर लिहिलंय, बाहेरचं गेट लावल्याशिवाय बोलत नाही!”

तारमामा क्षणभर गेटकाकांकडे पाहत राहिले. मग त्या कुलपाकडे पाहिले. मग डॉक्टरांच्या गाडीकडे. आणि मग गेटचे गज धरून असे हसायला लागले की डॉक्टर नाडी बघायला गाडीतून उतरले.

“अरे, ते मी लिहिलंय! लावायचं म्हणजे बंद नाही करायचं. लावायचं म्हणजे जोडायचं! गेट त्याच्या पाठीत आहे!”

“पण कुलूप लावल्यावरच बोललं ते,” गेटकाका हटायला तयार नव्हते. “मी स्वतः लावलं कुलूप.”

“कुलूप लावल्यावर बोललं?” मामांचे हसू एकदम थांबले. “तार न जोडता?… उघड आधी. आत कुणाची तरी तपासणी चालू आहे का?”

कुलूप निघाले. तारमामा धावत नव्हते, त्यांचे वय धावण्याचे नव्हते; पण त्या दिवशी डॉक्टर त्यांच्या मागे राहिले. खोलीत येऊन त्यांनी कुणाला नमस्कार केला नाही, बाईंच्या हातातला कागद तेवढा मागितला.

“किती चुकले?”

“सगळे,” बाई मोठ्याने म्हणाल्या. “तीसपैकी तीस.”

“तीसपैकी तीस?” मामांनी कागद डोळ्यांजवळ नेला. “अहो बाई, ज्याला ऐकू येत नाही त्याचेसुद्धा अंदाजाने चार-पाच बरोबर येतात. माझेच गेल्या महिन्यात सहा आले होते. इतक्या नेमाने चुकायला कान फार चांगले लागतात!”

मामांनी आत जाऊन हेडफोन मागून घेतले आणि जुन्या सवयीने आपल्या कानांना लावले. बटण दाबले, सोडले. मी माझ्याकडून होईल तितके गायलो, पण आवाज अगदी हळू ठेवलेला होता. मामांच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. मला त्या क्षणी माझ्या सगळ्या तारा आखडल्यासारख्या वाटल्या. ज्याने मला ‘बोल बाबा’ म्हणून जागे केले, त्याच्यापर्यंत माझा सूर आता पोचत नव्हता.

मामा मात्र हसले. हेडफोन काढून त्यांनी बाईंच्या कानांवर ठेवले. “माझं दुकान बंद झालं. तुम्ही ऐका. आधी आपल्या कानाला लावून बघावं, असं लिहून ठेवलं होतं मी. ती ओळ गेली कुठे?”

बाईंनी बटण दाबले. दिवा लागला. सोडले. दिवा विझला. पुन्हा दाबले, पुन्हा सोडले. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

“दाबलं की हा गप्प बसतोय,” त्या हळूच म्हणाल्या. “अगं बाई. मी दर वेळी हिच्याशी उलटं बोलत होते.”

मामांनी माझ्या पाठीवर हात फिरवून नखाने तो स्विच सुलट केला. कट्. हायसे वाटणे काय असते, ते मला तेव्हा कळले.

पुन्हा तपासणी झाली. तीसपैकी तीस बरोबर. बाईंनी माझा आवाज अगदी तळाला नेला, तिथेही तिचा हात वर. आत्याने पदराने डोळे पुसले आणि लगेच तिला तिचा आवाज सापडला.

“मी म्हणत होते ना! झाकणाचा आवाज ऐकणारी पोर आमची! मग शाळेत हाकेला का बघत नाही म्हणे?”

“काय नावानं हाक मारतात?” मामांनी विचारले.

आत्याने शाळेच्या वहीतले नाव सांगितले. केवढे लांब आणि भारदस्त ते नाव! दोन्हीकडच्या नातेवाइकांनी भांडून भांडून ठरवलेले. डॉक्टरांनी त्या नावाने मुलीला हाक मारली. ती खुर्चीचा स्क्रू फिरवतच राहिली. बाईंनी मारली. तिने मान वर केली नाही. आत्याच्या तोंडाचा आ झाला.

“आणि घरी काय म्हणता?”

“घरी… भिंगरी.”

हा शब्द तिच्या तोंडून पुरता निघायच्या आत दोन शेंड्या गर्रकन वळल्या. “काय गं आत्या?”

“देवा!” आत्या मटकन खाली बसली. “भांडणात नाव ठरवलं आणि नंतर कुणी घेतलंच नाही! तिला बिचारीला ठाऊकच नाही ते तिचं आहे!”

सगळ्यात जास्त गेटकाका हसले. मग म्हणाले, “म्हणजे शाळेतल्या बाईंनी पण चुकीच्याच गेटवर हाक मारली म्हणा की.” माझ्या मते त्या दिवसातले सगळ्यात शहाणे वाक्य त्यांचेच होते.

बाईंनी कागद भरला, डॉक्टरांनी सही केली, शाळा सुटायला अजून अवकाश होता. बाईंनी मुलीसमोर खाली बसून, चुकले म्हणून आपले कान पकडले. मुलीला ते फार आवडले, तिने बाईंना ते दुसऱ्यांदाही पकडायला लावले.

मित्रांनो, पांढरे यंत्र दुरुस्त होऊन परत आले आहे. पण मला पुन्हा कपाटावर चढवले नाही. माझी जागा आता टेबलावर आहे आणि माझ्यावर कप ठेवायला बंदी आहे. बाईंनी स्वतःच्या अक्षरात नवी चिठ्ठी लिहिली, वर प्लास्टिक चिकटवले. ‘मागच्या सॉकेटमध्ये डबीची तार जोडल्याशिवाय हा बोलत नाही’, आणि खाली, मोठ्या अक्षरात, मामांची धुतली गेलेली ओळ. गेटकाकांचे मात्र अजून पूर्ण समाधान झालेले नाही. मी सुरू झालो की ते खिडकीत येऊन विचारतात, “बाई, लावू का?”

मला तुमच्याकडे मागायचे ते एवढेच. माझ्यासारख्या जुन्या वस्तूंवर कप ठेवू नका, त्यांच्या चिठ्ठ्या पुसू देऊ नका. आणि कुणाला ऐकू येत नाही, कुणाला समजत नाही असे कागदावर लिहिण्याआधी, आपण त्याला नक्की काय ऐकवतो आहोत, ते एकदा आपल्याच कानाला लावून बघा. यंत्राच्या बाबतीत बघा, आणि घरातल्या माणसांच्या बाबतीत तर जरूर बघा. पुष्कळदा समोरचा बरोबर असतो, आपलाच स्विच उलटा असतो.

हो, एक राहिले. त्या दिवशी निघताना भिंगरी माझ्यापाशी आली, माझ्या थंड लोखंडी गालावर बोट ठेवले आणि म्हणाली, “पुंई.” मला उत्तर द्यायचे होते. पण दार माझे नाही, मी गप्प. ती आत्याचे बोट धरून निघाली. तेव्हा तपासनीसबाईंनी, कुणाचे लक्ष नाही असे बघून, हळूच बटण दाबले.

हेडफोन टेबलावर पडले होते. माझा आवाज अगदी तळाला होता, मुंगी कुजबुजावी इतका. मामांना तो ऐकू आला नाही. डॉक्टरांना आला नाही, आत्याला आला नाही.

भिंगरी मात्र दारातून मागे वळली, आणि तिने हात वर केला.